अडीच महिन्यांच्या बाळाची बेंबी रडताना आवळ्याएवढी फुगते. नाणे बांधावे की नुसते थांबावे?

पहिलटकरीण

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा उद्या अडीच महिन्यांचा होईल. तो चौतिसाव्या आठवड्यात जन्मला आणि जन्माच्या वेळी त्याचे वजन १ किलो ९०० ग्रॅम होते. नाळ नवव्या दिवशी पडली, बेंबी कोरडी झाली आणि त्या बाबतीत आम्ही निश्चिंत झालो. तो महिन्याचा झाल्यावर मात्र बेंबीच्या जागी बोराएवढा फुगवटा दिसू लागला, आणि आता तो जोरात रडला किंवा शी करताना कुंथला की तोच फुगवटा आवळ्याएवढा होतो. दूध पिऊन झोपला की बेंबी पुन्हा सपाट होते, फक्त तिथली कातडी सैल आणि सुरकुतलेली राहते. परवा मालिश करताना माझे बोट चुकून त्यावर दाबले गेले, तर गुडगुड असा आवाज होऊन तो सगळा भाग आत गेला. मी इतकी घाबरले की तेलाचे हात तसेच ठेवून आईला हाक मारली.

दीड महिन्याच्या लशीच्या वेळी डॉक्टरांना दाखवले होते. बाहेर रांग मोठी होती. त्यांनी ओझरते पाहून ‘नाभीचा हर्निया आहे, आपोआप जाईल’ एवढेच सांगितले आणि मलाही त्या क्षणी पुढे काही विचारायचे सुचले नाही.

सध्या मी कराडला माहेरी आहे. मालिशवाल्या मावशींचे म्हणणे असे की दवाखान्यात नाळ नीट बांधली नाही, म्हणून बेंबीत वारा भरला. सासूबाई रोज फोनवर विचारतात की रुपयाचे नाणे बांधले का. त्यांच्या घरात सगळ्या मुलांना बांधले होते. आईने तर एक नाणे उकळून, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तयारच ठेवले आहे. मी दोन दिवस कसेबसे अडवून धरले आहे, परंतु माझ्याकडे ‘नको’ म्हणण्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. बाळाला ते दुखत असेल का, फार रडल्यास ते फुटेल का, नाणे बांधल्याने खरोखर काही फायदा होतो का आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर केव्हा, हे कोणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील. तो रडायला लागला की सगळे घर धावत येते, आणि त्या धावपळीनेच मला जास्त धसका बसतो.

साताऱ्याची आजी

मुली, तुझे पत्र वाचून मला माझी १९८८ सालची बाळंतखोली आठवली. माझ्या थोरल्याचीही बेंबी अशीच बाहेर आली होती, आणि त्याला मी स्वतःच्या हाताने नाणे बांधले होते. नाण्यावर कापसाची गादी, वरून चिकटपट्टी, आणि त्यावर पुन्हा फडक्याचा पट्टा असा सगळा थाट होता. उन्हाळ्याचे दिवस होते. चौथ्या दिवशी पट्टी काढली तर चिकटपट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा निघाला आणि नाण्याखालची जागा ओलसर होऊन तिला वास येत होता. पुढचे पंधरा दिवस मलम लावण्यात गेले, आणि बेंबी होती तिथेच होती. ती आत गेली तो दीड वर्षाचा झाल्यावर, तेव्हा नाणे कधीच डब्यात परत गेले होते.

गंमत अशी की आमच्या घरात आजही ‘नाण्याने बेंबी बसली’ असेच सांगतात. धाकट्यालाही फुगवटा होता, त्याला मी काहीही बांधले नाही, आणि त्याचीही बेंबी त्याच सुमारास बसली. ती गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. तुझ्या सासूबाई खोटे बोलत नाहीत, हे लक्षात ठेव. त्यांनी नाणे बांधलेले पाहिले आणि बेंबी बसलेलीही पाहिली. मधले वर्ष-दीड वर्ष तेवढे हिशेबात धरले नाही.

बालशल्यचिकित्सक

मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. बाळ मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे विवेचन सर्वसाधारण समजावे. तुम्ही केलेले वर्णन मात्र इतके नेमके आहे की नाभीच्या हर्नियाचेच ते चित्र वाटते. मराठीत हर्नियाला अंतर्गळ असा जुना शब्द आहे, आणि नेमके काय घडते ते त्या शब्दातच आले आहे.

बाळ पोटात असताना नाळेतील रक्तवाहिन्या पोटाच्या भिंतीतील एका गोल छिद्रातून आत जातात. जन्मानंतर नाळ वाळून पडते, त्या वाहिन्या आक्रसतात आणि छिद्राची कड हळूहळू आवळत जाऊन ते मिटते. वरची कातडी आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते, परंतु तिच्याखालची ही कडी बंद व्हायला काही बाळांना महिने किंवा वर्षे लागतात. दरम्यान पोटातला दाब वाढला, म्हणजे बाळ रडले, खोकले किंवा कुंथले, की आतड्याचा एखादा वेढा त्या कडीतून कातडीखाली येतो. तुम्ही ऐकलेली गुडगुड ही त्या आतड्यातल्या हवेची आणि द्रवाची होती. आतडे सहज आत सरकले, ही चांगलीच खूण आहे. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत हा हर्निया पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, कारण कडी आवळण्याचे काम अर्धवट असतानाच बाळ बाहेर आलेले असते. नाळ कोणी कापली, किती आखूड कापली, चिमटा लावला की दोरा बांधला, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, हे मालिशवाल्या मावशींना निःसंकोच सांगावे.

फुगवटा केवढा दिसतो याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. कातडी सैल असली तर लहानशा छिद्रातूनही लिंबाएवढा फुगवटा दिसू शकतो. महत्त्व आहे ते खालच्या कडीच्या रुंदीला. बाळ शांत झोपलेले असताना फुगवटा हलकेच आत सारून बोटाचे टोक त्या जागी ठेवले की एखाद्या अंगठीसारखी टणक कड लागते, आणि तिच्यात बोट किती जाते यावरून अंदाज येतो. ही कडी एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ती आपोआप मिटण्याची शक्यता फार मोठी असते; दीड सेंटिमीटरच्या पुढे ती शक्यता कमी होत जाते. एकंदरीत दहापैकी आठ-नऊ मुलांत पाचव्या वर्षापर्यंत छिद्र बंद होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांतच. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून ही रुंदी मोजून बाळाच्या लसीकरणाच्या वहीत लिहून घ्यावी. मोबाइलवर रोज फुगवट्याचे छायाचित्र काढून घालमेल करण्यापेक्षा सहा महिन्यांनी पुन्हा मोजलेला तो एक आकडा जास्त सांगून जातो.

फुगवट्याने बाळाला दुखत नाही. ते रडते म्हणून बेंबी फुगते, पण घरातल्यांना वाटते की बेंबी फुगली म्हणून ते रडते, आणि मग भूक, ओले दुपटे, पोटातला वात ही रडण्याची खरी कारणे बाजूला राहतात. रडल्यामुळे छिद्र मोठे होत नाही, म्हणून बाळाला क्षणभरही रडू द्यायचे नाही अशी पाळत ठेवण्याचे कारण नाही. ‘फुटेल’ ही भीतीही मनातून काढून टाकावी. तसे घडणे अत्यंत दुर्मीळ आहे.

नाण्याबद्दल माझे मत ठाम आहे. नाणे फुगवटा झाकते, पण छिद्राची कड जवळ आणत नाही. उलट, गोलसर वस्तू त्या छिद्रात रुतून बसली तर कड एकमेकींपासून दूरच राहते. पट्टीखाली घाम साचून पुरळ येते, कातडी सोलवटते, जंतुसंसर्ग होतो. आजींनी लिहिलेला प्रसंग मी प्रत्यक्ष अनेकदा पाहिला आहे. लहान बाळे मुख्यतः पोटाने श्वास घेतात, त्यामुळे घट्ट कंबरपट्टा बांधल्यास श्वास आणि दूध दोन्ही अडते आणि बाळ उलट्या करू लागते. शिवाय पट्टीतून निसटलेले नाणे थोड्या मोठ्या बाळाच्या तोंडात गेल्याचेही ऐकिवात आहे.

धोका क्वचितच उद्भवतो, पण त्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावीत. फुगवटा टणक होऊन बाळ शांत असतानाही आत जाईनासा झाला, हात लावताच बाळ कळवळून रडू लागले, त्यावरची कातडी लाल किंवा काळपट पडली, पोट टम्म झाले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे कडीत अडकले असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरी दाबत बसू नये, बाळाला काही पाजू नये आणि जिथे लहान मुलांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात तडक जावे. हिरवी उलटी तर, हर्निया असो वा नसो, कोणत्याही तान्ह्या बाळात तातडीचीच समजावी.

आणखी दोन गोष्टी, ज्या ओझरत्या तपासणीत हमखास राहून जातात. बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, तेव्हा त्याच्या जांघाही पाहून घ्याव्यात. जांघेतील हर्निया अशा बाळांत बराच आढळतो, तो आपोआप बरा होत नाही आणि त्यात आतडे अडकण्याचा धोका मोठा असल्यामुळे त्याची शस्त्रक्रिया लवकर करावी लागते. ‘बेंबीचा जातो तसा हाही जाईल’ म्हणून थांबलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काही बाळांना मध्यरात्री शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले आहे. दुसरी गोष्ट थायरॉइडची. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळांत बेंबी फुगलेली असू शकते. सोबत कावीळ लांबणे, घट्ट शी, घोगरे रडणे, मोठी जीभ, सतत पेंगणे असे काही असेल तर रक्ताची साधी तपासणी लगेच करावी. जन्मानंतर ती झाली आहे का, हे दवाखान्याच्या कागदांत पाहा. झाली नसेल तर यातले एकही लक्षण नसले तरी मी ती करूनच घेतो, कारण त्या आजारात उपचाराला झालेला उशीर मेंदूच्या वाढीला भोवतो.

टोकियोकर

वरचे सर्व वाचून थोडा गोंधळ झाला, म्हणून लिहितो. आम्ही जपानमध्ये राहतो आणि आमच्या मुलीला तिसऱ्या महिन्यात हाच त्रास होता. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी स्वतःहून कापसाचा घट्ट गोळा बेंबीत बसवला आणि वरून पाणी आत न जाणारी पारदर्शक पट्टी लावली. काही दिवसांनी ती बदलायची, कातडी लाल झाली तर दोन दिवस मोकळी ठेवायची, असे परिचारिकेने आम्हाला शिकवले. दोन महिन्यांत बेंबी सपाट झाली. इथे हा उपचार सर्रास केला जातो. मग आपल्याकडचे नाणे तेवढे अंधश्रद्धा आणि इथला कापूस तेवढा शास्त्र, असे कसे म्हणायचे?

बालशल्यचिकित्सक

प्रश्न रास्त आहे. जपानमध्ये ही पद्धत रूढ आहे आणि बाळ लहान असतानाच ती सुरू केली तर छिद्र लवकर मिटते व कातडी कमी लोंबते, असा तिथल्या डॉक्टरांचा अनुभव आहे. आम्हाला शिकवताना मात्र काहीही बांधू नये असेच शिकवले गेले आणि जगात बऱ्याच ठिकाणी आजही तोच सल्ला देतात. अडचण अशी की न बांधलेल्या बाळांचीही बेंबी बहुधा मिटतेच, त्यामुळे श्रेय नेमके कोणाला द्यायचे हे ठरवणे सोपे नसते. तुमच्या मुलीला बांधलेला मऊ गोळा तपासणी करून, कडीची रुंदी पाहून, प्रशिक्षित हातांनी आणि कातडीवर लक्ष ठेवून बांधलेला होता. कराडच्या उकाड्यात चिकटपट्टीखाली आठवडाभर ठेवलेल्या नाण्याला त्याच्या पंगतीत बसवता येणार नाही. तिथेही पट्टीने पुरळ येते, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. मला एखाद्या पालकांनी विचारले तर मी थांबायलाच सांगेन. परंतु त्यांच्या डॉक्टरांनी तपासून तशी पट्टी बांधली असेल तर त्यांना दोष देणार नाही.

मेळघाटातील परिचारिका

मी अमरावती जिल्ह्यात काम करते. आमच्या भागात बाळाचे पोट किंवा बेंबी फुगलेली दिसली की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देण्याची प्रथा, जिला इकडे डंबा म्हणतात, अजून पूर्ण गेलेली नाही. चटक्यांच्या जखमा चिघळून दाखल झालेली बाळे मी पाहिली आहेत. त्यापुढे नाणे सौम्यच म्हणायचे, परंतु दोन्हींच्या मुळाशी ‘काहीतरी केले पाहिजे’ ही एकच घाई असते. आम्ही घरी जातो तेव्हा ‘काही करू नका’ असे कधीच सांगत नाही, कारण ते कोणाला पटत नाही. त्याऐवजी काम नेमून देतो: आजीने रोज आंघोळीच्या वेळी, बाळ शांत असताना, फुगवटा मऊ आहे ना आणि आत जातो ना एवढे पाहायचे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचे पथक येते, त्यांनाही तो दाखवायचा आणि त्यांनी लिहिलेला कागद जपून ठेवायचा.

दोन मुलींचा बाबा

ज्यांची बेंबी बसत नाही त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या थोरलीची कडी दोन वर्षांची असताना पावणेदोन सेंटिमीटर होती आणि साडेचार वर्षांची झाली तरी जवळजवळ तेवढीच राहिली. डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगितले होते की पाचव्या वर्षाच्या आसपास ठरवू, त्याआधी विनाकारण भूल द्यायची नाही. शेवटी पाच वर्षे पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया केली.

आदल्या रात्रीपासून जेवण बंद आणि सकाळी दोन तास आधीपर्यंत फक्त पाणी, असे सांगितले होते. खरी परीक्षा तीच होती, कारण वॉर्डात शेजारच्या खाटेवर कोणीतरी बिस्किटाचा पुडा उघडला. पूर्ण भूल देऊन बेंबीच्या खालच्या घडीत लहानशी अर्धगोल चीर घेतली, छिद्र विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवले आणि लोंबणारी कातडी आत टाचून बेंबीला खळगा दिला. मोठ्या माणसांना बसवतात तशी जाळी बसवावी लागली नाही. संध्याकाळी आम्ही घरी आलो. दोन-तीन दिवस वेदनाशामक औषध दिले, आठवडाभराने ती शाळेत गेली आणि सायकल व उड्या मात्र काही आठवडे बंद ठेवल्या. आज व्रण शोधावा लागतो.

एक सूचना करावीशी वाटते. माझ्या भाच्याचा फुगवटा बेंबीत नव्हता, तिच्या बोटभर वर होता, आणि घरात सगळे त्यालाही ‘आपोआप जाईल’ म्हणत राहिले. तसला, बेंबीच्या वरचा हर्निया सहसा आपोआप बरा होत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. नेमकी जागा डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा.

पहिलटकरीण

सर्वांचे मनापासून आभार. काल एका बालशल्यचिकित्सकांकडे जाऊन आलो. बाळ झोपेपर्यंत त्यांनी आम्हाला बाहेर थांबवले, मग फुगवटा आत सारून माझेच बोट त्या जागी ठेवले. करंगळीचे टोक जेमतेम मावेल एवढी कडी आहे. त्यांनी वहीत ‘आठ मिलिमीटर’ असे लिहून दिले आणि नवव्या महिन्यात गोवराच्या लशीला येऊ तेव्हा पुन्हा मोजायचे ठरले. जांघा पाहिल्या, तिथे काही नाही. थायरॉइडची तपासणी जन्मानंतर झालेली नव्हती. रक्त कालच दिले आणि आज सकाळी आलेला अहवाल व्यवस्थित आहे.

आजी, तुमची गोष्ट मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्यांच्या नणंदेच्या मुलालाही पट्टीखाली फोड आले होते. परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे आंघोळीच्या वेळी बेंबी पाहण्याचे काम आईकडे दिले आहे, आणि ती ते इतक्या मनावर घेऊन करते की नाण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

एकच शंका उरली आहे. मालिश आता पुन्हा सुरू करावी का, आणि त्याला पालथे घातले तर चालेल का? परवापासून मी दोन्ही बंद ठेवले आहे.

बालशल्यचिकित्सक

दोन्ही आजच सुरू करा. पोटावर हात नेहमीसारखाच हलका फिरवावा. बेंबीवरून गेला तरी हरकत नाही, फक्त मालिशवाल्या मावशींनी ‘बेंबी बसवण्यासाठी’ तिथे अंगठा दाबून ठेवू नये, आणि बेंबीत तेल किंवा हिंगाचे पाणी साचू देऊ नये. आंघोळीनंतर ती सैल कातडी हलकेच उघडून घडी कोरडी करावी. बाळ जागे असताना आणि कोणी समोर बसलेले असताना दिवसातून काही वेळा पालथे घालावे, झोपवताना मात्र पाठीवरच. पालथे असताना तो जोर करेल आणि बेंबी फुगेल; उताणा केला की पाहा, ती बसलेली असेल.